छोट्या विद्यापीठाने मोठ्या लीगच्या मागे धावू नये

ब्रायन क्ले हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने डेकॅथलॉनचं गोल्ड जिंकलं. डेकॅथलॉन म्हणजे दोन दिवसांत दहा प्रकार, धावणं, उड्या, फेकी सगळं आलं. शेवटचा प्रकार 1500 मीटर धावण्याचा, त्यात क्ले बराच मागे राहिला, पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला त्याला. तरी 8791 पॉइंट्स करून दुसऱ्या नंबरच्या आंद्रेई क्राउचंकाच्या तो 240 पॉइंट्स पुढे होता. आधीच्या नऊ प्रकारांत त्याने एवढी आघाडी घेऊन ठेवली होती की शेवटी फक्त रेस पूर्ण करायची होती. उंचीने तो काही धिप्पाड नाही, सहा फुटांच्याही किंचित खाली, आणि डेकॅथलॉनवाले सहसा त्याच्यापेक्षा चांगलेच उंच असतात.

पण मला आज क्लेपेक्षा त्याच्या कॉलेजबद्दल लिहायचंय. अझुसा पॅसिफिक युनिव्हर्सिटी. लॉस एंजेलिसच्या बाहेर, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी, जिथून जुना रूट 66 जातो त्या अझुसा गावात आहे. 1899 मध्ये ख्रिस्ती धर्मसेवकांना शिकवायला निघालेली शाळा, तिचं पुढे विद्यापीठ झालं. यूसीएलए, यूएससीसारखी क्रीडाजगतातली बलाढ्य नावं तासाभराच्या अंतरावर, आणि हे आपलं काही हजार मुलांचं कॉलेज. त्यातून एकच नाही, दोन ऑलिंपिक डेकॅथलॉन मेडलवाले निघाले. क्लेच्या आधी डेव्ह जॉन्सन, 1992 बार्सिलोना, ब्राँझ. आणि क्लेला गोल्डच्या आधी 2004 ला अथेन्समध्ये सिल्व्हरही मिळालं होतं, 2005 ला तो वर्ल्ड चॅम्पियनही झाला होता.

हे नशिबाने झालं असं मला वाटत नाही. माझं म्हणणं असं की छोट्या ख्रिस्ती विद्यापीठाला खेळात जे खरोखर जमतं ते हेच आहे, एका कोचने एका मुलावर वर्षानुवर्षं मेहनत घेणं, आणि जे जमत नाही ते म्हणजे टीव्हीवरच्या मोठ्या लीगमध्ये टिकून राहणं. तरी अमेरिकेतली अशी कितीतरी विद्यापीठं पहिलं सोडून दुसऱ्याच्या मागे लागलीत, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

डेकॅथलॉनचंच बघा ना. त्याला ऐंशी हजार सीट्सचं स्टेडियम लागत नाही. एक ट्रॅक, पोल व्हॉल्टची गादी, फेकीचे सर्कल, आणि मुख्य म्हणजे वेळ असलेला कोच, एवढं पुरतं. दहा प्रकार शिकवायचे म्हणजे रोज संध्याकाळी तोच कोच, तोच मुलगा, आज हर्डल्स, उद्या डिस्कस, परवा परत हर्डल्स कारण डावा पाय उशिरा खाली येतोय. शिवाय या खेळात माणूस पिकतो तो साधारण पंचविशीच्या पुढे, म्हणजे डिग्री हातात पडून गेल्यावर. ज्या कॉलेजात चार वर्षं संपली की मुलाचा लॉकर दुसऱ्याला देतात तिथे डेकॅथलीट तयार होणं अवघडच. क्ले कॉलेज संपल्यावरही अझुसाच्याच ट्रॅकवर, केव्हिन रीड या कोचकडेच सराव करत राहिला आणि तिथूनच बीजिंगला गेला. जॉन्सनच्या वेळी तिथे टेरी फ्रॅन्सन कोच होते.

जॉन्सनची गोष्ट तर मला जास्त भिडते. 1992 च्या आधी रिबॉकने अमेरिकेत मोठी जाहिरात मोहीम काढली होती, डॅन आणि डेव्ह, जगातला सर्वोत्तम ॲथलीट कोण ते बार्सिलोनाला ठरणार म्हणून. डॅन ओब्रायन तर निवड चाचणीतच पोल व्हॉल्टमध्ये एकही उंची पार न करता बाहेर पडला. उरला डेव्ह, आणि त्याच्या पायाला स्ट्रेस फ्रॅक्चर. त्या पायाने दोन दिवस, दहा प्रकार, म्हणजे लाँग जंपचा टेकऑफ त्याच शरीराने, हर्डल्स त्याच शरीराने, आणि शेवटी 1500 मीटर. ब्राँझ आणलं. त्याच्या देशात त्यावेळी ते ब्राँझ म्हणजे निराशा असं वाटणारे खूप लोक होते, कारण जाहिरातीने गोल्ड विकलं होतं. मी मात्र त्या ब्राँझला कितीतरी गोल्डांच्या वर ठेवेन.

आता कुणी म्हणेल की दोन हिरे सापडले म्हणून खाणीचं कौतुक करू नका. ठीक आहे, मग बाकीचं बघू. एनएआयए ही अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांची संघटना आहे. तिच्यात दरवर्षी सगळे खेळ, मुलांचे आणि मुलींचे, एकत्र धरून ज्या कॉलेजची कामगिरी सगळ्यात चांगली त्याला डायरेक्टर्स कप देतात. अझुसा पॅसिफिकने तो 2004-05 पासून 2011-12 पर्यंत सलग आठ वर्षं जिंकला. यात एका स्टार टीमवर भागत नाही, क्रॉस कंट्रीपासून सॉकरपर्यंत सगळीकडे पॉइंट्स आणावे लागतात. म्हणजे मुलींचा सॉकर कोचही तितकाच महत्त्वाचा आणि स्विमिंगवालाही. मला विचाराल तर कॉलेजच्या क्रीडा विभागाचं मोजमाप असंच व्हायला हवं.

आणि ख्रिस्ती संस्थांचा खेळाशी संबंध काही नवा नाही. बास्केटबॉलचा जन्मच वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये झाला, 1891 ला, जेम्स नेस्मिथने तो शोधला, आणि तो धर्मशास्त्र शिकलेला माणूस होता. व्हॉलीबॉल 1895 चा, तोही वायएमसीएतलाच. त्याच स्प्रिंगफील्डहून हॅरी क्रो बक भारतात आला आणि 1920 ला मद्रासला त्याने शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, म्हणजे ती रेघ आपल्यापर्यंतही आलीय. शरीर आणि मन दोन्ही घडवायचं, त्यासाठी खेळ, अशी ती कल्पना होती.

एनएआयएचं मूळसुद्धा 1937 च्या कॅन्सस सिटीतल्या एका छोट्या कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेत आहे, त्यातही नेस्मिथ होता. या संघटनेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. सुरुवातीला तिच्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती. 1947 मध्ये इंडियाना स्टेटचा कोच जॉन वुडन, जो पुढे यूसीएलएला जाऊन दंतकथा झाला, त्याने आमंत्रण नाकारलं कारण त्याच्या टीममधल्या क्लॅरेन्स वॉकरला खेळू देणार नव्हते. पुढच्या वर्षी बंदी उठली आणि वॉकर खेळला. 1953 मध्ये याच संघटनेने कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडलं, मोठ्या लीगांच्या आधी.

पण ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सगळ्यांनी तसं वागून दाखवलं असं अजिबात नाही. टेक्सासमधलं अबिलीन ख्रिश्चन घ्या. 1906 मध्ये स्थापना, चर्चेस ऑफ ख्राइस्ट या पंथाशी जोडलेलं, आणि धावण्यात त्यांचं नाव एकेकाळी जगभर. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांच्या बॉबी मॉरोने 100 मीटर, 200 मीटर आणि 4 बाय 100 रिले अशी तीन गोल्ड घेतली. एका छोट्या धार्मिक कॉलेजचा पोरगा जगातला सगळ्यात वेगवान माणूस! त्या रिले टीममध्ये आयरा मर्चिसन आणि लीमन किंग होते, दोघेही कृष्णवर्णीय. मॉरोबरोबर त्यांनी वर्ल्ड रेकॉर्ड केला, गळ्यात तेच मेडल घातलं, आणि त्या दोघांना मॉरोच्या कॉलेजात त्यावेळी साधा प्रवेशही मिळाला नसता. अबिलीनने कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतले ते 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला. 1999 मध्ये त्यांचे अध्यक्ष रॉइस मनी यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली, चांगलं केलं. पण ट्रॉफीच्या कपाटाकडे बोट दाखवून आमची मूल्यं बघा असं जे कॉलेज म्हणतं त्याला मी आधी हेच विचारेन, की त्या वर्षी तुमच्या वर्गात कोण बसू शकत होतं.

अबिलीनचं पुढे काय झालं ते माझ्या मुद्द्यासाठी जास्त महत्त्वाचं. एनएआयए आणि नंतर एनसीएएची (कॉलेज खेळांची मोठी संघटना, तिच्या वन, टू, थ्री अशा तीन पायऱ्या, वन सगळ्यात वरची) डिव्हिजन टू मिळून या कॉलेजने ट्रॅकमध्ये 50 हून जास्त राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पन्नास! तिथे त्यांच्यासमोर उभं राहायला बाकीचे घाबरायचे. आणि 2013 मध्ये हे सगळं मागे टाकून ते डिव्हिजन वनला गेले. का, तर मोठ्यांच्या पंक्तीत बसायचं.

2021 च्या मार्चमध्ये त्यांची ती रात्र आली, हे मान्य करायलाच पाहिजे. मार्च मॅडनेस, म्हणजे डिव्हिजन वनची बास्केटबॉलची राष्ट्रीय नॉकआउट स्पर्धा, त्यात 14 नंबरचं सीड (नंबर जितका मोठा तितकी टीम कमजोर धरतात) असलेलं अबिलीन, समोर 3 नंबरचं टेक्सास विद्यापीठ, त्यांच्याच राज्यातला अवाढव्य भाऊ. 1.2 सेकंद उरलेत, अबिलीन एका पॉइंटने मागे, आणि फ्री थ्रो लाइनवर जो प्लेझंट, ज्याचा फ्री थ्रोचा हिशोब काही भरवशाचा नव्हता. दोन्ही घातले. 53-52. मी तो क्षण अजूनही बघतो आणि अजूनही अंगावर काटा येतो. पुढच्याच मॅचला यूसीएलएने त्यांना वीस पॉइंट्सनी हरवलं, त्याचं काही नाही, हार-जीत चालायचीच. पण महिनाभराच्या आत कोच जो गोल्डिंग दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला.

हे एकट्या अबिलीनचं नाही हो. त्याच वर्षी ओक्लाहोमातल्या ओरल रॉबर्ट्स विद्यापीठाने 15 नंबरच्या सीडवरून ओहायो स्टेटला आणि मग फ्लोरिडाला हरवलं, मॅक्स ॲबमस नावाचा काटक गार्ड त्या सीझनला सगळ्या देशात सर्वात जास्त स्कोअर करणारा होता. 2023 मध्ये कोच पॉल मिल्स विचिटा स्टेटला गेला आणि ॲबमस गेला टेक्सासला. जर्सी सिटीचं सेंट पीटर्स, जेझुइट लोकांचं छोटं विद्यापीठ, 2022 ला 15 नंबरच्या सीडवरून शेवटच्या आठात जाणारी इतिहासातली पहिली टीम झाली, केंटकीला हरवलं, पर्ड्यूला हरवलं. मोहीम संपल्यावर काही दिवसांतच कोच शाहीन हॉलोवे सेटन हॉलला, आणि त्या टीममधले बरेच खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, इकडेतिकडे. त्या मुलांना मी दोष देणार नाही, कोचलाही नाही, ज्याला चार पैसे जास्त मिळतात तो जातो, त्याचंही घर आहे. पण विद्यापीठाने या सगळ्यातून काय कमावलं? मोठ्यांसाठी माणसं तयार करून दिली.

पैशाचं म्हणाल तर तेही ऐका. मार्च मॅडनेसमधल्या मॅचचा जो वाटा मिळतो तो थेट विद्यापीठाच्या खात्यात येत नाही, त्यांच्या कॉन्फरन्सला, म्हणजे ज्या विद्यापीठांच्या गटात ते खेळतात त्याला, जातो आणि सहा वर्षांत हप्त्याहप्त्याने येतो, मग तिथे वाटणी. आणि आता 2025 च्या जूनमध्ये कोर्टाने हाउस सेटलमेंट, म्हणजे खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यातली तडजोड, मंजूर केल्यापासून तर चित्रच बदललंय. मोठी विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर्सपर्यंत. खेळाडूंना पैसे मिळावेत हे माझं आधीपासूनचं मत, त्यांच्या घामावर इतकी वर्षं बाकीचे श्रीमंत झाले. पण काही हजार मुलांच्या फीवर चालणारं कॉलेज त्या बोलीत उतरणार कुठून? वर जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून जे 2.8 अब्ज डॉलर्स दहा वर्षांत द्यायचेत त्यासाठी डिव्हिजन वनमधल्या सगळ्यांच्याच वाट्याला कात्री, म्हणजे ज्यांनी फुटबॉलवर (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) कधी पैसा कमावलाच नाही त्यांच्याही.

यावर विद्यापीठवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं, की टीव्हीवर नाव दिसलं की ॲडमिशन वाढतात. थोडी वाढतातही, एखाद वर्ष. पण छोट्या कॉलेजांचं ॲडमिशनचं गणित वेगळंच असतं आणि ते बाहेरच्या लोकांना फारसं माहीत नसतं. या कॉलेजांत खेळाडू बहुतेक वेळा अर्धीमुर्धी स्कॉलरशिप घेऊन येतात आणि उरलेली फी भरतात. उदाहरणार्थ डिव्हिजन टूच्या फुटबॉल टीमला जास्तीत जास्त 36 पूर्ण स्कॉलरशिपइतकी रक्कम वाटता येते आणि टीममध्ये मुलं असतात शंभराच्या आसपास. म्हणजे टीमच कॉलेजचे वर्ग भरते. मुलगा येतो तो कोचच्या फोनमुळे, टीव्हीमुळे नाही. मग तो कोच टिकवा ना, त्याच्या पगारावर खर्च करा.

आता फुटबॉलबद्दल, कारण अझुसाच्या बाबतीत सगळ्यात दुखरी जागा तीच. 2020 च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. 1998 चे एनएआयए चॅम्पियन होते हे लोक. त्या मुलांना कोविडच्या काळात, सीझन झालेला नसताना ही बातमी मिळाली, त्यांचा राग मला समजतो. तरी निर्णय मला बरोबर वाटतो. एनएआयए सोडून डिव्हिजन टूला आल्यावर त्यांच्याशी फुटबॉल खेळायला जवळ कोणी उरलंच नव्हतं. कॅलिफोर्नियातलं दुसरं डिव्हिजन टू फुटबॉलवालं कॉलेज हम्बोल्ट स्टेट, त्यांनी 2018 नंतर बंद केला, मग अख्ख्या राज्यात हे एकटेच. कॉन्फरन्समधले प्रतिस्पर्धी कुठे, तर ओरेगॉन, वॉशिंग्टन, आणि थेट कॅनडातलं सायमन फ्रेझर. शंभर पोरं, कोच, सामान, सगळं विमानात घालून न्यायचं, एका शनिवारासाठी. विद्यापीठ तेव्हा आधीच आर्थिक ओढाताणीत होतं. तोच पैसा ट्रॅक, स्विमिंग, मुलींच्या खेळांत राहिला तर किती वर्षं पुरेल!

पण माझ्या या म्हणण्याला एक जबरदस्त आडवं उदाहरण आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. ख्रिश्चन ओकोये. 1982 मध्ये नायजेरियाहून अझुसाला आला तो थाळीफेक करायला, फुटबॉल त्याला माहीतही नव्हता. त्याचा देशबांधव इनोसंट एगबुनिके तिथेच होता, जो 1984 ला 4 बाय 400 रिलेमध्ये ऑलिंपिक ब्राँझ घेऊन आला. ओकोयेला मात्र नायजेरियाने 1984 च्या टीममध्ये घेतलंच नाही. त्या निराशेत असलेल्या, वयाने विशी ओलांडलेल्या माणसाला कॉलेजात कोणीतरी म्हणालं, फुटबॉल खेळून बघ. 1987 ला कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला निवडलं आणि 1989 मध्ये 1480 यार्ड्स धावून तो अख्ख्या एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, पहिला आला. कॉलेजात फुटबॉल नसता तर हे झालं असतं का? नसतं. म्हणून मी म्हणत नाही की फुटबॉल बंद केल्याने काहीच गेलं नाही. एक दार बंद झालंय आणि उद्याचा ओकोये तिथून आत येणार नाही. फक्त एवढंच की त्याला अझुसापर्यंत आणलं ते ट्रॅकने, आणि ते दार उघडं राहणं जास्त गरजेचं आहे.

मागे वळणं म्हणजे हरणं असं अमेरिकेतल्या क्रीडाजगताला वाटतं, म्हणून सेंट फ्रान्सिस विद्यापीठाने केलं ते मला धाडसाचं वाटतं. पेनसिल्व्हेनियातल्या लोरेटो गावचं हे फ्रान्सिस्कन विद्यापीठ. 2025 च्या मार्चमध्ये त्यांची बास्केटबॉल टीम मार्च मॅडनेसमध्ये पोचली, पहिलीच मॅच दोन पॉइंट्सनी हरली, आणि त्यानंतर आठवड्याभरातच विद्यापीठाने जाहीर केलं की 2026 पासून आम्ही डिव्हिजन वन सोडून डिव्हिजन थ्रीला जातोय. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच. यश मिळालेल्या महिन्यातच असा निर्णय घ्यायला हिंमत लागते. अर्थात ज्या मुलांनी डिव्हिजन वन म्हणून सही केली त्यांना हे किती आधी सांगितलं, त्यांची सोय कशी लावली, यावर मी त्यांची परीक्षा घेईन, मूल्यांच्या गप्पांवर नाही.

हे सगळं मराठीत लिहायचं कारण म्हणजे अमेरिकेतल्या मराठी घरांत आणि आता पुण्या-मुंबईतल्याही घरांत टेनिस, स्विमिंग खेळणारी मुलं आहेत, आणि त्यांना अशा कधी न ऐकलेल्या कॉलेजांच्या कोचकडून ईमेल येतात. आईबाबा नाव गूगल करतात, ख्रिश्चन दिसलं, छोटं दिसलं, की बाजूला टाकतात, यूसीएलए नाही ना मग कशाला. मला वाटतं असं टाकू नका, पण डोळे झाकून होही म्हणू नका. धर्माचा भाग स्पष्ट विचारा, कारण यातल्या अनेक ठिकाणी चॅपलला (कॉलेजातल्या प्रार्थनासभेला) हजेरी लावावी लागते, बायबलचे विषय सगळ्यांना घ्यावे लागतात, तुमच्या मुलीला ते चालणार आहे का हे तिलाच ठरवू दे. स्कॉलरशिप किती टक्के आणि दरवर्षी नवी करावी लागते का ते लेखी घ्या. विद्यापीठ वरच्या डिव्हिजनला जायच्या गडबडीत आहे का, गेल्या काही वर्षांत कुठले खेळ बंद केले, तेव्हा चालू खेळाडूंची फी कोणी भरली, हेही विचारा. आणि जो कोच ईमेल पाठवतोय तो तिथे किती वर्षं आहे, त्याच्या हाताखालून बाहेर पडलेले खेळाडू डिग्रीनंतरही त्याच्याकडे सरावाला येतात का, ते त्याच्या जुन्या खेळाडूंना फोन करून विचारा, ते लोक खरं सांगतात.